लूत, तीन औषधं आणि मेंदूच्या वेशीवरचा पंप

"कातडीचंच तर दुखणं आहे, औषधानं काय व्हायचंय?" लूत भरलेल्या कुत्र्याबद्दल हे हमखास ऐकू येतं. दुखणं कातडीवर दिसतं हे खरं. गोळी मात्र रक्तातून अंगभर फिरते.

समजा, डेमोडेक्स माइटमुळे (कातडीत राहणारा सूक्ष्म जीव) केस झडलेत म्हणून तो मारणारं आयव्हरमेक्टिन चालू आहे. कातडीवर यीस्ट, म्हणजे एक बुरशी, माजून उग्र वास येतो, म्हणून बुरशीनाशक केटोकोनॅझोल. शिवाय पिसवा आहेत, त्यांच्यासाठी स्पिनोसॅडची गोळी. तिन्ही औषधं रीतसर, तिन्हींचे डोस बरोबर. तरी काही दिवसांत कुत्रं झिंगल्यासारखं चालू लागतं, लाळ गाळतं, बाहुल्या विस्फारतात, समोरची भिंत त्याला दिसत नाही.

आयव्हरमेक्टिन माइटच्या चेतापेशींतल्या क्लोराइड-वाहिन्या उघड्याच ठेवतं आणि माइट लुळा पडतो. कुत्र्याच्या मेंदूतही 'गाबा' या रसायनावर चालणाऱ्या, त्याच घराण्यातल्या वाहिन्या असतात. औषध तिथवर पोचत नाही, म्हणून कुत्रं वाचतं. आणि पोचत का नाही? तर पी-ग्लायकोप्रोटीनमुळे. माझ्या मते हा शरीरातल्या सर्वांत देखण्या रेणूंपैकी एक.

१९७६ साली हॅमस्टरच्या पेशींत सापडलेला हा पंप मेंदूच्या केशवाहिन्यांच्या अस्तरात बसलेला असतो. मेदात विरघळणारा परका रेणू पेशीच्या पटलात शिरला, की हा त्याला पटलातच गाठतो, एटीपी हे पेशीचं इंधन खर्चून स्वतःचा आकार बदलतो आणि त्याला पुन्हा रक्तात फेकतो. १९९४ मध्ये हा पंप नसलेले उंदीर तयार केले गेले, आणि आयव्हरमेक्टिन त्यांना सुमारे शंभरपट बाधतं असं दिसलं. २००१ मध्ये कोली जातीच्या कुत्र्यांतही हा पंप घडवणाऱ्या जनुकाची मोडतोड सापडली. डीएनएची चार अक्षरं गळालेली. जनुक तीन-तीन अक्षरांनी वाचलं जात असल्यामुळे पुढचं सगळं वाचन सरकतं आणि प्रथिन सुरुवातीलाच तुटतं.

म्हणून कोलीचे मालक जनुकचाचणी करतात, इतर निर्धास्त राहतात. पण केटोकोनॅझोल आणि स्पिनोसॅड दोन्ही याच पंपाला अडवतात. जनुक शाबूत, पंप जागेवर, पण तोंडात बोळा. केटोकोनॅझोल तर यकृतातली औषधं मोडणारी सीवायपी३ए विकरंही दडपतं. हृदयकृमी रोखायला आयव्हरमेक्टिन किलोमागे अवघं ६ मायक्रोग्रॅम लागतं, तिथे सहसा निभावतं. डेमोडेक्ससाठी मात्र ३०० ते ६००. तिथे चुकीला वाव उरत नाही.

गंमत म्हणजे हीच अडवणूक मुद्दामही वापरतात. प्रतिकारशक्तीला आवर घालणारं सायक्लोस्पोरिन महाग पडतं, तेव्हा पशुवैद्य सोबत केटोकोनॅझोल देऊन त्याचा डोस कमी करतात.

खाजेसाठी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चालू असताना लंगडण्यावर मेलॉक्सिकॅम किंवा कार्प्रोफेन ही वेदनाशामकं देणं हा आणखी एक घातक जोड. जठराच्या अस्तराला जपणारी प्रोस्टाग्लँडिन्स ही रसायनं दोन्हींकडून आटतात, व्रण होतात, कधी जठराला भोकही पडतं.

'नैसर्गिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या तेलांवरही भरवसा नको. निव्वळ टी-ट्री तेल लावल्याने कुत्र्यांचे मागचे पाय लुळे पडल्याच्या नोंदी आहेत.

आयव्हरमेक्टिनच्या विषबाधेवर नेमका उतारा नाही. शिरेतून मेदाचं द्रावण देऊन पाहतात. बाकी सलाइन, श्वासावर लक्ष आणि वाट पाहणं. स्पिनोसॅडची गोळी महिन्यातून एकदाच असते, त्यामुळे विचारल्यावर ती आठवत नाही. गेल्या महिन्याभरात पोटात गेलेलं सगळं पशुवैद्याला सांगायचं, ते यासाठी. आता डेमोडेक्सवर बरेचदा आयसोक्साझोलिन गटातली औषधं देतात. ती पिसवाही मारतात, त्यामुळे एक गोळी कमी होते. मात्र फिट येणाऱ्या कुत्र्यांत ती जपून द्यावी लागतात.