टूलखालच्या चार ओळी: फिटनेस डेटा, एआय एजंट आणि मागची गोष्ट

बेळगावातली पळणारी, सायकल मारणारी पोरं आता एआय एजंटलाच (म्हणजे आपल्या वतीनं डेटा शोधून उत्तर देणाऱ्या एआयला) विचारायला लागलेत, "या आठवड्यात माझं किती झालं?" उत्तर येतंय, पण ते बरोबर येणार की नाही हे मॉडेल किती भारी आहे यापेक्षा एजंट डेटा आणायला जे टूल, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, वापरतो त्याचं डिस्क्रिप्शन (ते काय देतं हे सांगणाऱ्या चार ओळी) कुणी कसं लिहिलंय यावर जास्त ठरतंय. हे असं का झालं ते बघायला थोडं मागं जावं लागतं.

पावलं मोजणाऱ्या फिटबिटचा पहिला ट्रॅकर २००९ चा, पळणं-सायकलिंग नोंदवणारं स्ट्राव्हा ॲप पण त्याच वर्षीचं. पुढं त्यांनी एपीआय, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमला डेटा मागायची दारं, उघडली, त्यांची माहिती लिहिली गेली ती मात्र माणसासाठी. प्रोग्रॅमर वाचायचा, नाही कळलं तर एक कॉल मारून बघायचा, अंतर ५०००० आलं की ते मीटर असणार हे त्याचं त्यालाच कळायचं, रविवारी ५०००० किलोमीटर कोण मारतंय ओ? २०१४ ला ॲपलनं आयफोनमधला आरोग्याचा डेटा ॲपना देणारं हेल्थकिट आणलं, त्यात आकडा आणि युनिट एकत्र बांधलेलं, कुठल्या युनिटमध्ये पाहिजे ते सांगितल्याशिवाय आकडाच हातात येत नाही. मला ते शहाणपणाचं वाटतं. पण वेबच्या एपीआयमध्ये जेसन (डेटा पाठवायचा साधा मजकुराचा साचा) येतो आणि त्यात युनिटशिवाय उघडा आकडा. स्ट्राव्हाचं अंतर मीटरमध्ये, वेग सेकंदाला किती मीटर असा, आणि वेळा दोन, एक हलत असतानाची आणि एक सुरुवातीपासून शेवटपर्यंतची. राजहंसगडावर चढून वर अर्धा तास फोटो काढत बसलं की या दोन वेळांत केवढा फरक पडतो बघा, आणि एजंटनं चुकीची उचलली की सरासरी वेगाचा पार चुथडा.

सगळ्यात त्रासाचं तारखेचं. डेटात वेळ बहुतेक यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते, आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढं, म्हणजे सोमवारी पहाटे पाचला बेळगावच्या व्हॅक्सिन डेपो मैदानावर पळणाऱ्याची सुरुवात यूटीसीत रविवारी रात्री साडेअकराला पडते. भरतीसाठी १६०० मीटरची तयारी करणारी पोरं अंधारातच उठतात, त्यांचं अख्खं वेळापत्रकच एक दिवस मागं सरकतं. स्ट्राव्हा स्थानिक वेळ वेगळी देतं, पण तिच्या शेवटी पण "ही वेळ यूटीसीची" असं सांगणारं झेड अक्षर लावलेलं, म्हणजे वाचणारा फसणारच.

माणूस एकदा फसला की लक्षात ठेवतो, एजंट दर वेळी कोरा येतो. जून २०२३ ला ओपनएआयनं फंक्शन कॉलिंग, म्हणजे मॉडेलनं स्वतः टूल निवडून वापरायची सोय, आणलं, त्यात टूलचं नाव, डिस्क्रिप्शन आणि कुठली माहिती पाठवायची त्याचा साचा एवढंच मॉडेलला दिलं जातं. नोव्हेंबर २०२४ ला अँथ्रॉपिकचं एमसीपी, म्हणजे टूल आणि एजंट जोडायची एक सामाईक पद्धत, आलं आणि एकानं लिहिलेलं टूल ती पद्धत पाळणाऱ्या कुठल्याही एजंटला जोडता यायला लागलं. लिहिणारा एकीकडं, वापरणारा भलतीकडं, मधे विचारायला कोणी नाही. तेव्हापासून "युजरच्या ॲक्टिव्हिटी देतं" असली एक ओळ टाकून भागत नाही. त्यापेक्षा असं लिहा: "धावणं आणि सायकलिंगच्या नोंदी देतं. अंतर मीटरमध्ये, वेळ सेकंदात, तारखा भारतीय वेळेनुसार, आठवडा सोमवारपासून. हार्ट रेट रिकामा आला तर पट्टा लावलेला नव्हता, शून्य धरू नको. झोप आणि वजन यात नाही." हे शेवटचं "यात नाही" लोक हमखास गाळतात, आणि मग एजंट झोपेचं विचारलं तरी धावण्याचंच टूल मारत बसतो.

त्याच नोव्हेंबरात स्ट्राव्हानं नियम बदलले, एपीआयमधून घेतलेला डेटा एआय मॉडेलमध्ये वापरायला मनाई केली. म्हणून बरेच जण आता आपला डेटा स्वतः एक्स्पोर्ट करून फाइल एजंटला देतात. तिथं वेगळीच भानगड, ॲपल हेल्थच्या फाइलमध्ये फोनची पावलं वेगळी आणि घड्याळाची वेगळी असतात, दोन्ही एकाच चालण्याची. बेरीज करायच्या आधी सोर्स बघ, एकच घे, हे डिस्क्रिप्शनमध्ये नसेल तर एजंट दोन्ही मिळवून मोकळा होतो आणि गणपत गल्लीत बाजार करून आलेल्या माणसाची पावलं जवळजवळ दुप्पट दाखवतो.