घराचा हिशेब : वीजबिल, सिलिंडर आणि बादली

"आम्ही कापडी पिशवी नेतो, ओला-सुका कचरा वेगळा करतो. मग आमचं घर पर्यावरणाला धरून आहे ना?" नौपाड्यातल्या आमच्या दुरुस्तीच्या दुकानात हल्ली असं बरेचजण विचारतात. नुसती पिशवी बघून याचं उत्तर देता येत नाही; घरापायी किती कार्बन डायऑक्साइड हवेत जातो आणि किती पाणी वाया जातं, ते मोजावं लागतं. पंखे, गिझर आणि पाण्याचे फिल्टर दुरुस्त करता करता ठाण्यातली पुष्कळ घरं आम्ही आतून पाहिली, त्या जोरावर हे पत्रक काढलंय. कागद-पेन्सिल घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे.

सुरुवात वीजबिलापासून. महिन्याचे युनिट ०.७ ने गुणा. आपल्या देशातली बरीचशी वीज अजून कोळशावर होते, त्यामुळे एका युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. १४.२ किलोचा सिलिंडर संपला की सुमारे ४२ किलो धरा. पाइपचा गॅस असेल तर बिलावरच्या दर एससीएममागे (म्हणजे घनमीटरमागे) २ किलो, आणि पेट्रोलच्या लिटरमागे २.३ किलो. चौघांच्या घरात २५० युनिट, एक सिलिंडर आणि ४० लिटर पेट्रोल लागलं, तर महिन्याला १७५ अधिक ४२ अधिक ९२, म्हणजे ३०९ किलो. वर्षाला माणशी सव्वानऊशेच्या घरात. देशाची माणशी सरासरी २ टनांच्या आसपास आहे, पण तेवढ्यावर खूश होऊ नका. त्या सरासरीत कारखाने, सिमेंट, ट्रक सगळं आलं. आपल्या बेरजेत नाही.

विमानप्रवास वेगळा लिहा. दिल्लीला एका बाजूने माणशी शंभर किलोच्या आसपास जातात. चौघं जाऊन आले की ८०० किलो, म्हणजे वर हिशेब केलेल्या घराचे अडीच महिने. उलट रोज ठाण्याहून सीएसएमटीला लोकलने लटकत जाणारा माणूस या हिशेबात फार स्वस्तात सुटतो, कारण एका गाडीची वीज काही हजार जणांत वाटली जाते.

घरातलं म्हणाल, तर आधी पंख्याकडे बघा. जुना पंखा साधारण ७५ वॅट खातो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशविना मोटरचा पंखा ३० च्या आसपास. दिवसाला १६ तास चालणारा पंखा बदलला तर महिन्याला वीसएक युनिट वाचतात. पाहुण्यांच्या खोलीतला मात्र बदलू नका. तो वर्षातून चार दिवस फिरतो, नवा घेऊन काही साधणार नाही. (हे आम्ही पंखे विकत असूनही सांगतोय.) एसी २० वरून २४ वर आणलात तर फरक थेट बिलात दिसेल, एका अंशामागे साधारण ६ टक्के वीज वाचते. २ किलोवॅटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट गेलं. बटण चालू ठेवून पेपर वाचत बसणारे आम्हाला पुष्कळ भेटतात.

आता पाणी. मागच्या उन्हाळ्यात एका आजींकडे फिल्टरच्या सर्व्हिसिंगला गेलो होतो. फिल्टर आरओ होता, म्हणजे मेम्ब्रेन नावाच्या बारीक पडद्यातून दाबाने पाणी गाळून क्षार काढणारा. त्याच्या वाया जाणाऱ्या पाण्याची नळी सिंकमध्ये सोडलेली होती. ती काढून बादलीत धरली आणि दुसरीकडे पिण्याच्या पाण्याची लिटरची बाटली लावली. बाटली भरेपर्यंत बादलीत तीन लिटर जमलं. आजी बादलीकडे बघत म्हणाल्या, "अहो, एवढं रोज मोरीत जातं?" मग नळाच्या पाण्यात टीडीएस मीटर बुडवला; पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे किती मिलिग्रॅम आहेत, ते तो दाखवतो. आकडा आला ७४. पिण्याच्या पाण्यात ५०० पर्यंत टीडीएस चालतो, आणि त्याखाली आरओ वापरू नये असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्येच सांगितलं होतं. धरणातून येणाऱ्या पालिकेच्या पाण्याला बहुतेक वेळा यूव्ही (अतिनील किरणांनी जंतू मारणारा) किंवा यूएफ (बारीक चाळणीसारखा गाळणारा) फिल्टर पुरतो. घोडबंदर रोडला बोअरचं किंवा टँकरचं पाणी येणाऱ्या सोसायट्यांची गोष्ट निराळी, तिथे आधी मोजा. आजींनी आरओ काढला. आमची मेम्ब्रेनची विक्री गेली, ती जाऊ दे. ज्यांना आरओ लागतोच, त्यांनी नळी बादलीत सोडावी; लादी पुसायला, भांडी विसळायला ते पाणी चालतं.

ओल्या कचऱ्याबद्दल थोडक्यात. भाजीची देठं ढिगात दबून कुजली की मिथेन होतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट तापवतो. अशा ढिगाचा वास काय असतो ते ठाण्याजवळच्या दिवा गावातल्या लोकांना विचारा, तिथे शहराचा कचरा वर्षानुवर्षं टाकला जायचा. गॅलरीत भोकं पाडलेली बादली, खाली नारळाच्या शेंड्या आणि मध्येमध्ये सुका पाला, एवढ्यात घरचं खत होतं. पावसाळ्यात मात्र झाकण लागतं, नाहीतर चिलटं होतात आणि शेजारी भांडायला येतात.

आणि बांबूचे ब्रश, नवे काचेचे डबे घेण्याआधी घरातला जुना मिक्सर बघा. बहुतेकदा कपलर (भांडं मोटरला जोडणारा भाग) किंवा कार्बन ब्रशच (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारा तुकडा) गेलेला असतो, दुरुस्ती फार थोड्या पैशांत होते.

आमचा माणूस सर्व्हिसिंगला येणार असेल तेव्हा मागच्या बारा महिन्यांची वीजबिलं काढून ठेवा, एप्रिल-मेची तर नक्कीच. टीडीएस मीटर त्याच्याकडे असतो, मोजायचे पैसे नाहीत. बादली तेवढी तुमची.