हवामान धोरणावर कंपनीने सरकारला काय कळवले? कागद मिळवण्याची रीत

लॉबिंगची, म्हणजे धोरण आपल्या बाजूने वळवण्यासाठी सरकारकडे केलेल्या प्रयत्नांची, नोंद ठेवायला लावणारा कायदा भारतात नाही. त्यामुळे कोणती कंपनी कोणत्या मंत्रालयात काय मागून आली, हे एका जागी पाहायला मिळत नाही. कागद मात्र असतात, आणि ते दोन ठिकाणी सापडतात: कंपनीच्या वार्षिक अहवालात आणि सरकारी फायलीत. अहवाल फुकट मिळतो, म्हणून आधी तो.

बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० सूचीबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून ‘बीआरएसआर’ हा व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांवरचा अहवाल देणे शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने बंधनकारक केले आहे. बीएसई या शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर कंपनीच्या पानावरून वार्षिक अहवाल उघडा आणि त्यातल्या बीआरएसआरमध्ये थेट तत्त्व ७ (धोरणावर प्रभाव टाकण्याबाबतचा भाग) वर जा. कंपनी किती उद्योग संघटनांची सदस्य आहे, हा आकडा आणि त्यांतल्या दहांची नावे तिथे असतात. पण हे दहा निवडायचे ते त्या संघटनेच्या एकूण सदस्यसंख्येवरून. म्हणून हजारो सदस्यांचे चेंबर यादीत दिसते आणि मोजक्या कारखान्यांची, पण त्याच क्षेत्रासाठी मंत्रालयात बाजू मांडणारी संघटना यादीबाहेर राहू शकते. एकूण आकडा दहाहून मोठा असेल तर उरलेली नावे कंपनी सचिवाला ईमेलने विचारा. संघटनांना किती वर्गणी दिली, हे नमुन्यात विचारलेलेच नाही. कोणत्या धोरणाची बाजू कशी मांडली, हा रकाना आहे, पण तो ऐच्छिक; बऱ्याचदा कोराच असतो.

एक शेअर असला तरी वार्षिक सभेत प्रश्न विचारता येतो. ऑनलाइन सभेसाठी वक्ता म्हणून आधी नाव नोंदवावे लागते. मुदत सभेच्या नोटिशीत असते, आणि डीमॅट खात्याचा क्रमांक हाताशी ठेवा.

आता फाइल. माहिती अधिकार कायदा, २००५ खाली कोणताही भारतीय नागरिक अर्ज करू शकतो. कारण सांगावे लागत नाही. मात्र उद्योग संघटना खासगी असते, तिच्याकडे अर्ज चालत नाही. तिने पाठवलेले पत्र ज्या सरकारी कार्यालयात पोहोचले, तिथे मागायचे.

बरेच अर्ज शब्दांवर अडतात. ‘लॉबिंगची माहिती द्या’ असे लिहिले की उत्तर येते, ‘अशी माहिती उपलब्ध नाही’, आणि ते खोटेही नसते. त्या नावाची फाइल नसतेच. ‘मसुदा का बदलला?’ हेही चालत नाही, कारण हक्क कागदावर आहे, स्पष्टीकरणावर नाही. उदाहरणार्थ, १६ एप्रिल २०२५ ला केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ॲल्युमिनियम, सिमेंट, क्लोर-अल्कली आणि कागद-लगदा उद्योगांसाठी हरितगृह वायू उत्सर्जन तीव्रतेच्या (उत्पादनाच्या एककामागे होणाऱ्या उत्सर्जनाच्या) लक्ष्यांचा मसुदा काढला. अशा मसुद्याबाबत मागणी अशी लिहावी:

‘सदर मसुदा अधिसूचनेवर कंपन्या व उद्योग संघटनांकडून आलेल्या हरकती-सूचनांची यादी व प्रती, त्यांच्याशी झालेल्या बैठकांची इतिवृत्ते व उपस्थितीपत्रके, हरकतींवरील फाइलवरच्या टिपण्या. उत्पादनखर्चासारखा गोपनीय भाग कलम १० नुसार वगळून उरलेले द्यावे.’

शेवटचे वाक्य विसरू नका. ‘व्यापारी गुपित’ (कलम ८(१)(घ)) म्हणून अख्खे पत्र नाकारणे त्याने अवघड होते.

केंद्र सरकारच्या कार्यालयांसाठी केंद्राच्या आरटीआय (माहिती अधिकार) पोर्टलवर १० रुपये भरा. मजकूर ५०० शब्दांच्या आत, इंग्रजी किंवा हिंदीत बरा. महाराष्ट्राच्या पर्यावरण व वातावरणीय बदल विभागाला मराठीत लिहा, टपालाने पाठवत असाल तर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. राज्याच्या नियमांत अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांचा हवा. तीन मसुद्यांसाठी तीन अर्ज करा, एकात कोंबू नका. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला फी नाही, दाखला जोडावा लागतो. प्रतींना पानामागे २ रुपये. फाइल जाड असेल तर आधी पाहणी मागून हवी ती पानेच निवडा.

मुदत ३० दिवस. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर त्यांनी तो पाच दिवसांत पुढे पाठवायचा असतो. कागद कंपनीने दिलेला आणि तिने गोपनीय मानलेला असेल तर कलम ११ नुसार अधिकारी तिला पाच दिवसांत नोटीस काढतो, तिला म्हणणे मांडायला दहा दिवस मिळतात, आणि निर्णयाची मुदत ४० दिवस होते. कंपनीने हरकत घेतली म्हणजे प्रकरण संपले, असे काही अधिकारी धरून चालतात. तो नकाराधिकार नाही. निर्णय अधिकाऱ्यानेच, जनहित तोलून, कारणे लिहून द्यायचा असतो. मुदत उलटून गेल्यावर माहिती दिली तर प्रतींचे पैसे घेता येत नाहीत.

नकार आला किंवा उत्तरच आले नाही, तर ३० दिवसांत प्रथम अपील करा. केंद्राकडे त्याला फी नाही, राज्यात २० रुपयांचा स्टॅम्प. प्रथम अपिलाच्या निर्णयापासून ९० दिवसांत दुसरे अपील माहिती आयोगाकडे जाते. त्याला मूळ अर्ज, उत्तर, पहिले अपील आणि त्यावरचा आदेश जोडावे लागतात. टपालाच्या पावत्याही पहिल्या दिवसापासून जपून ठेवा.