रेल ढिली नाही, नॉब उलटा फिरलाय
(मॅक्रो रेल घेतलेल्या आणि घेऊ पाहणाऱ्या ग्राहकांसाठी)

मॅक्रो रेल म्हणजे जवळून फोटो टिपताना नॉब फिरवून कॅमेरा केसभर पुढे-मागे सरकवायची पट्टी; कॅमेरा ज्या भागावर बसतो ती तिची गाडी. ‘ढिली आहे’ म्हणून आमच्याकडे परत येणाऱ्या बहुतेक रेल आम्ही न उघडताच परत देतो. ग्राहकाला राग येतो, आणि तो साहजिक आहे. पैसे मोजून घेतलेली वस्तू, त्यात भोसरीपर्यंतचा हेलपाटा, आणि इथे आल्यावर आम्ही म्हणणार की यात काही बिघडलेलं नाही. म्हणून हा कागद आता प्रत्येक डब्यात घालतो. थर्माकोलबरोबर फेकू नका, एवढीच विनंती.

मागच्या पावसाळ्यात एक गृहस्थ आले. भुंगेऱ्याचं डोकं तिप्पट मोठं करून टिपत होते, म्हणजे ३:१, लेन्सचं छिद्र एफ ४. दर फोटोला नॉब डायलवरची एक रेघ फिरवायचा, हे आमच्या माणसाने फोनवर सांगितलं होतं आणि त्यांनी ते नेमकं पाळलं होतं. तक्रार अशी की प्रत्येक स्टॅकचे (थोडंथोडं सरकत टिपून नंतर एकात जोडायच्या फोटोंच्या संचाचे) पहिले तीन फोटो हुबेहूब सारखे, आणि जोडलेल्या चित्रात जबड्याच्या मागे एक धूसर पट्टा. आम्ही रेल टेबलावर घट्ट बसवली, पुढे डायल गेज (सरक मोजणारं काट्याचं यंत्र) लावलं आणि नॉब त्यांच्याच हातात दिला. पुढे एक रेघ: काटा ०.०५ मिमी सरकला. आणखी एक: पुन्हा तेवढाच. मग म्हटलं, आता मागे फिरवा. एक रेघ, काटा जागच्या जागी. दुसरी रेघ, तरी तिथेच. तिसऱ्या रेघेला हलला. ते गेजकडे बघत राहिले आणि म्हणाले, “मग ढिलीच आहे की!”

नाही. स्क्रू नटात फिरायचा असेल तर आट्यांमध्ये केसभर जागा लागतेच. दिशा बदलली की आधी ती जागा भरते, मग गाडी हलते. भोसरीत कुठल्याही टर्नरला विचारा. लेथची क्रॉस स्लाइड (हत्यार आडवं सरकवणारी गाडी) तो नेहमी एकाच बाजूने मापावर आणतो. पुढे गेली तर चांगला एक फेरा मागे घेतो आणि पुन्हा पुढून येतो. या मोकळ्या जागेला बॅकलॅश किंवा प्ले म्हणतात. आमच्या रेलमध्ये तो ०.१० मिमीपर्यंत चालतो. त्याहून जास्त असला तर रेल आम्ही दुकानाबाहेर जाऊ देत नाही. शून्य का करत नाही, हेही लोक विचारतात. नट आवळून करता येतो. पण मग स्क्रू अडतो आणि गाडी धक्क्याने सुटते. ३:१ वर तो धक्का लाइव्ह व्ह्यूमध्ये भूकंपासारखा दिसतो.

त्या गृहस्थांचं काय होत होतं, ते बघा. स्क्रीनवर बघत बघत ते नॉब मागे-पुढे करून सर्वांत जवळचा केस शोधायचे. तो सापडायचा मागे येताना, आणि तिथूनच पुढे मोजायला सुरुवात. पहिल्या दोन रेघा प्लेमध्ये गेल्या, म्हणून तीन फोटो एकाच जागेचे. सारखे फोटो निघाले तर बिघडत काही नाही, कार्डावर जागा जाते इतकंच. खरी गडबड पुढे होते. मधेच शंका आली की ते जरा मागे घेऊन बघायचे, मग पुढे फिरवताना ‘काही हललंच नाही’ म्हणून एकाऐवजी चार रेघा फिरवायचे. दोनमध्ये प्ले संपला, उरलेल्या दोनमध्ये गाडी दुप्पट पुढे गेली. मधला पट्टा कुठल्याच फोटोत नाही. फोटो जोडणारं सॉफ्टवेअर हेलिकॉन असो की झिरीन, जे टिपलंच नाही ते कुठून आणणार?

तेव्हा रीत एकच. सुरुवातीच्या बिंदूच्या मागे एक पूर्ण फेरा जा, तिथून पुढे फिरवत त्या बिंदूवर या, आणि शेवटच्या फोटोपर्यंत नॉबची दिशा बदलू नका. चुकून पुढे गेलात तर थोडंसं मागे घेऊन चालणार नाही. पूर्ण फेरा मागे, मग पुन्हा पुढे. मधे शंका आली तरी हात आवरा आणि स्टॅक पुरा करा. कॅमेरा स्टँडवर उभा, लेन्स खाली करून लावणाऱ्यांची ही तक्रार कधी येत नाही, कारण कॅमेऱ्याचं वजनच आट्यांना सतत एका बाजूला दाबून धरतं. शिवराई नाणी टिपणारे आमचे एक जुने ग्राहक म्हणूनच हा कागद वाचून हसतील.

किती रेघा फिरवायच्या, हा दुसरा नेहमीचा प्रश्न. आमच्या स्क्रूची चाल एका फेऱ्याला १ मिमी आणि डायलवर २० रेघा, म्हणजे एका रेघेला ०.०५ मिमी. एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर १:१ आणि एफ ८ ला खोली, म्हणजे एका फोटोत स्पष्ट येणारा पुढून मागचा भाग, साधारण ०.६ मिमी मिळते. आठ रेघा फिरवा, थोडं एकावर एक आलेलं बरं. २:१ ला एफ ५.६ वर खोली ०.१७ मिमीच्या आसपास, तिथे दोन रेघा. ३:१ ला एफ ४ वर एकच. खोली वाढावी म्हणून एफ १६, म्हणजे बारीक छिद्र, लावणारे बरेच आहेत. १:१ वर ते प्रत्यक्षात एफ ३२ सारखं वागतं, आणि प्रकाश पसरून सगळंच मऊ होतं. छिद्र मोठं ठेवा, फोटो जास्त घ्या. नथ पुढून मागे १२ मिमी धरली तर आठ रेघांनी तीसेक फोटो लागतात, तेवढा वेळ सराफ मंडळींकडे असतो.

रेलवर येणारा एक आरोप खरं तर बॉल हेडवर (ट्रायपॉडच्या डोक्यावरच्या गोल सांध्यावर) जायला हवा. गाडी पुढे सरकते तसा कॅमेऱ्याचा भार पुढे जातो, हलकं हेड वाकतं आणि फ्रेम खाली घसरते. नॉब फिरवल्यावर दोन-तीन सेकंद थांबा, टायमर लावा. आणि उघड्यावर वाऱ्यात फुलाचा स्टॅक करू नका. देठ स्वतःच मिलिमीटरने डोलत असताना आमच्या ०.०५ ला काय अर्थ?

लॉक स्क्रू आवळून नॉब फिरवणं मात्र खरंच रेल मारतं. पितळी नटाचे आटे खाल्ले जातात आणि तो नट वॉरंटीत येत नाही. दुसरं, तेल. रेलमध्ये ग्रीस भरलेलं असतं, त्यावर काही घालू नका. एकांनी खोबरेल घातलं होतं. डिसेंबरात ते आत थिजलं, आणि ‘जॅम झाली’ म्हणून रेल इथे.

१:१ पर्यंतच काम असेल आणि कॅमेऱ्यात फोकस ब्रॅकेटिंग (फोकस आपोआप सरकवत फोटो घेण्याची सोय) असेल, तर रेल लगेच घेऊ नका, आधी ते वापरून बघा. आमचा एक गिऱ्हाईक कमी होतो, पण नाराज गिऱ्हाईक त्याहून महाग पडतो. कॅननच्या एमपी-ई ६५ सारख्या लेन्सला, जिथे रिंग फिरवली की फोकसऐवजी आकारच बदलतो, तिथे रेलला पर्याय नाही. ज्यांना मागे-पुढे केल्याशिवाय जमतच नाही, त्यांच्यासाठी स्प्रिंगवाल्या दुहेरी नटाचं मॉडेल आम्ही बनवतो. ते महाग आहे, नॉब जरा जड फिरतो, आणि वरची रीत जमली तर त्याची गरज पडत नाही.

तरीही शंका राहिली तर रेल घेऊन या. शनिवारी दुपारनंतर गेज मोकळं असतं. येताना तोच कॅमेरा, तीच लेन्स आणि बिघडलेल्या स्टॅकचे सगळे मूळ फोटो आणा. जोडलेलं चित्र एकटं आणलंत तर आम्हाला त्यातून काही कळत नाही.