कमी तास चाललेल्या जनरेटरची दुखणी

लष्कराने मोडीत काढलेला डिझेल जनरेटर विकत घेणारा माणूस सगळ्यात आधी तासांचा मीटर बघतो. आकडा दोनशे-तीनशेच्या आत असला की त्याला लॉटरी लागल्यासारखं वाटतं. हा आनंद जरा घाईचाच. चांगलं डिझेल इंजिन हजारो तास चालण्यासाठी बनवलेलं असतं. चालून ते झिजतं, पण उभं राहून त्याहून लवकर बिघडतं. लष्करी संचाच्या नशिबी तर उभं राहणंच फार: कधी गोदामात, कधी उघड्या यार्डात, कधी ट्रेलरवर ताडपत्रीखाली, वर्षानुवर्षं.

या बाजारातले सर्वांत ओळखीचे संच अमेरिकी लष्कराचे. एमईपी-८०२ए हा ५ किलोवॅटचा, तर एमईपी-८०३ए हा १० किलोवॅटचा. त्यांत ओनान कंपनीची अनुक्रमे दोन आणि चार सिलिंडरची, कूलंटवर थंड होणारी इंजिनं आहेत. दोन्ही मिनिटाला १८०० फेरे फिरतात. अल्टरनेटरला, म्हणजे वीज तयार करणाऱ्या भागाला, चार चुंबकीय ध्रुव असले की या वेगाला बरोबर ६० हर्ट्झची वीज मिळते. स्वस्त पेट्रोल जनरेटर दोन ध्रुवांवर भागवतात, म्हणून त्यांना ३६०० फेऱ्यांनी पळावं लागतं. वेग निम्मा केल्याने झीज आणि आवाज कमी होतो, वजन मात्र वाढतं. ८०३ए अर्ध्या टनाहून जड आहे, तेव्हा तो उतरवून घ्यायची सोय आधी करावी.

दुखण्यांची सुरुवात टाकीपासून. टाकी अर्धी रिकामी असली की दिवस-रात्रीच्या तापमानफरकाने बाहेरची दमट हवा आत येते आणि तिच्यातलं पाणी टाकीच्या भिंतींवर साचून तळाशी जातं. वर डिझेल, खाली पाणी. त्यांच्या सीमेवर हॉर्मोकोनिस रेझिनी नावाची बुरशी सुखाने वाढते. राहायला तिला पाणी लागतं आणि खायला डिझेलमधले हायड्रोकार्बन. टाकीत हात घातला की बोटांना लागणारा काळपट-तपकिरी बुळबुळीत थर हिचाच. त्यातली आम्लं धातू खातात, थराचे तुकडे फिल्टरमध्ये अडकतात. शिवाय जुनं डिझेल हवेने चिकट होतं आणि पंपाच्या प्लंजरवर, म्हणजे इंधन ढकलणाऱ्या दांड्यावर, वार्निशसारखा लेप चढवतं. अशा डिझेलवर ‘एकदा चालतंय का बघू’ म्हणून स्टार्टर मारणं हा सगळ्यात महाग प्रयोग. आधी टाकी रिकामी करून धुवावी, रबरी नळ्या बदलाव्यात, फिल्टर नवे घालावेत.

नळ्या आणि फिल्टर उघडले की इंधनाच्या वाटेत हवा शिरते, आणि मग इंजिन हटून बसतं. याचं कारण साध्या भौतिकशास्त्रात आहे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवेला तिच्या मूळ आकारमानाच्या सुमारे अठराव्या भागात दाबतो, ती पाचशे अंश सेल्सियसच्या वर तापते, आणि त्या तप्त हवेत नोझल डिझेलचा बारीक फवारा मारतं. फवारा उडण्यासाठी नळीत शेकडो वातावरणांइतका दाब लागतो. द्रव जवळजवळ दबत नाही, त्यामुळे पंपाचा धक्का जसाच्या तसा नोझलपर्यंत पोचतो. वाटेत हवेचा बुडबुडा असला तर तो धक्का बुडबुडाच पिऊन टाकतो. नोझल उघडतच नाही.

म्हणून हवा काढायची. या संचांवर मुख्य स्विचला ‘प्राइम अँड रन’ अशी एक जागा आहे. तिथे स्विच नेला की इंधनाचा विजेचा पंप टिकटिकू लागतो. फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू थोडा सैल केला की आधी नुसती फुरफुर येते, मग फेस, मग डिझेलमधून तुरळक बुडबुडे, आणि शेवटी काचेसारखी अखंड धार. धार अखंड झाल्यावरच स्क्रू आवळायचा. तरीही इंजिन लागलं नाही, तर नोझलकडच्या नळीचा नट थोडा सैल करून स्टार्टर द्यायचा. तिथून डिझेल उसळायला लागलं की नट घट्ट करायचा. उच्च दाबाच्या फवाऱ्यापाशी हात नेऊ नये, तो कातडीतून आत घुसतो.

पहिल्यांदा चालू करण्याआधी दोन गोष्टी. तेल बदलून क्रँक हाताने दोन-चार फेरे फिरवावा. पिस्टनच्या रिंग गंजून चिकटल्या असतील तर तिथेच कळतं. आणि हवा आत घेणाऱ्या नळीपाशी तिचं तोंड झाकेल अशी एक सपाट पट्टी किंवा फळी तयार ठेवावी. पेट्रोल इंजिनाची ठिणगी तोडली की ते थांबतं. डिझेलला इंधन तोडावं लागतं. बसून राहिलेल्या पंपात प्लंजर किंवा गव्हर्नरचा (वेग सांभाळणाऱ्या भागाचा) दुवा ‘पूर्ण इंधन’ अवस्थेत अडकलेला असला, तर इंजिन सुरू होताच वेग पकडत सुटतं आणि चावी फिरवून काही होत नाही. तेव्हा हवा कोंडणं हाच उपाय उरतो. तळहाताने मात्र कोंडू नये.

पॅनेलवर झाकणाखाली ‘बॅटल शॉर्ट’ नावाचा स्विच आहे. नेहमी तेलाचा दाब पडला किंवा कूलंट फार तापलं की संच आपोआप बंद होतो. लढाई चालू असताना इंजिन जळण्यापेक्षा वीज जाणं महाग पडू शकतं, म्हणून हा स्विच अतिवेग आणि शॉर्ट सर्किट सोडून बाकी सगळी संरक्षणं बाजूला सारतो. हा स्विच ‘चालू’वर राहिलेला असेल, तर पहिल्याच दिवशी इंजिन तेलाविना कोरडं फिरेल आणि पॅनेल तोंडातून ब्र काढणार नाही. झाकण उघडून बघायलाच हवं.

वीज संच २४ व्होल्टवर चालू होतो, म्हणजे १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापाठी एक. त्या जोडीने बदलाव्यात. एक नवी, एक जुनी असली की चार्जिंगचा तोल जातो.

अल्टरनेटरच्या वायंडिंगमध्ये, म्हणजे तारेच्या गुंडाळ्यांत, ओल शिरलेली असते. मेगर या रोध मोजायच्या यंत्राने ५०० व्होल्ट लावून वायंडिंग आणि बॉडी यांच्यातला रोध मोजायचा, पण त्याआधी व्होल्टेज रेग्युलेटर सोडवायचा, नाहीतर मेगर त्यातली इलेक्ट्रॉनिक्स उडवतो. आकडा एक मेगओमच्या खाली आला तर उबदार हवेने वाळवून पुन्हा मोजावं. आता इंजिन छान चालतंय, पण व्होल्टमीटर चार-पाच व्होल्टच्या वर जात नाही? बहुधा लोखंडातलं अवशिष्ट चुंबकत्व गेलेलं असतं. अल्टरनेटर शून्यातून वीज काढू शकत नाही. सुरुवातीचं थोडंसं चुंबकत्व तो वाढवत नेतो. एक्सायटरच्या, म्हणजे हे चुंबकत्व उभं करणाऱ्या छोट्या जनरेटरच्या, फील्डला बॅटरीचा क्षणभर स्पर्श, अधिक-उणे बरोबर जोडून, एवढ्यानेही तो पुन्हा उठतो.

खरेदीआधी नावपट्टी वाचावी. ८०३एसारखाच दिसणारा एमईपी-८१३ए ४०० हर्ट्झची वीज देतो. ट्रान्सफॉर्मर हलके व्हावेत म्हणून विमानं आणि रडार ही वारंवारता वापरतात. घरच्या विजेच्या मोटरींना ती कामाची नाही, आणि कुठलाही स्क्रू फिरवून तिची ६० हर्ट्झ होत नाही.

रंग खरवडायची घाई नको. लष्करी रंगाच्या जुन्या थरांखालच्या प्रायमरमध्ये क्रोमेट हे विषारी रसायन असू शकतं, ती धूळ फुप्फुसात जाऊ नये.

आता सगळं चालू झालं. इथेच मालक दुसऱ्या टोकाची चूक करतो: दर महिन्याला संच दहा मिनिटं रिकामा चालवतो. भार नसला की सिलिंडर तापत नाही, फवारा पुरता जळत नाही. अर्धवट जळलेलं डिझेल आणि काजळी मिळून धुराड्यातून काळा चिकट ओघळ येतो. याला वेट स्टॅकिंग म्हणतात. नोझलच्या टोकाला कार्बन बसतो, रिंग अडकतात, सिलिंडर गुळगुळीत होऊन तेल जाळू लागतं. आणीबाणीच्या जनरेटरांसाठीचं अमेरिकेतलं एनएफपीए ११० हे मानक महिन्यातून एकदा किमान ३० मिनिटं, किमान ३० टक्के भारावर चालवायला सांगतं. १० किलोवॅटच्या संचासाठी म्हणजे १५०० वॅटचे दोन हीटर. आधीच असा काजळीने चिकटलेला संच पाऊण भारापर्यंत टप्प्याटप्प्याने नेऊन काही तास चालवावा. आधी दाट धूर निघतो, मग तो विरळ होत जातो. धुराड्यात साचलेली काजळी पेटू शकते, म्हणून एकदम पूर्ण भार टाकू नये.

घराला जोडताना मेन आणि जनरेटर एकत्र येऊच शकणार नाहीत असा चेंजओव्हर स्विच हवा. तो नसेल तर जनरेटरची वीज रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये उलटी शिरते. ट्रान्सफॉर्मर दोन्ही दिशांनी तितकाच इमानदारीने काम करतो, त्यामुळे २४० व्होल्ट पलीकडच्या तारेवर हजारो व्होल्ट होऊन पोचतात, आणि त्या तारेला ‘लाइन बंद आहे’ समजून कुणीतरी हात लावलेला असू शकतो. जोडणी इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावी आणि त्याला संचातली न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडणारी पट्टी दाखवावी. घराच्या पॅनेलमध्ये ती जोडणी आधीच असेल, तर संचातली काढायची की ठेवायची हे स्विचच्या प्रकारावर ठरतं.