या वयात डोक्यात शिरत नाही?

‘पन्नाशीनंतर नवं काही डोक्यात शिरत नाही’ हा समज जुना आहे, पण चुकीचा. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२८ मध्येच दाखवून दिलं, की प्रौढांची शिकण्याची क्षमता टिकून असते. वयानुसार घटतो तो मुख्यतः वेग. शब्दसंग्रह तर साठीपर्यंत वाढत राहू शकतो.

चक्रवाढ व्याज शिकवताना बघा. कॉलेजची मुलं सूत्र पटापट उतरवून घेतात. पन्नाशीतला विद्यार्थी मध्येच विचारतो, “व्याज दरमहा धरलं तर माझ्या कर्जाचं काय होईल?” हा मंदपणा नव्हे, तो नवी गोष्ट स्वतःच्या अनुभवाशी जोडून बघतोय. अशा माणसाला घड्याळ लावून जोखणं मला अन्यायाचंच वाटतं. त्याला जरा जास्त वेळ द्या, आणि दोन-तीन दिवसांनी उजळणी घ्या. उजळणीचा फायदा तरुणांनाही होतोच.