वायतुरा: जांभ्याच्या सड्यावरचं फूल

सातारा जिल्ह्यात कास, चाळकेवाडीकडच्या सड्यांवर, म्हणजे जांभा खडकाच्या सपाट पठारांवर, भर पावसाळ्यात साचलेल्या उथळ पाण्यात वायतुरा ही पाणवनस्पती फुलते. देठ पाण्याबाहेर आला की टोकाला दुभंगतो आणि दोन्ही फाट्यांवर फिकट जांभळट, अगदी बारीक फुलं दाटीनं लागतात. वनस्पतिशास्त्रात त्याची नोंद तशी अलीकडची, 1982 सालची. सुंदरराघवन, कुलकर्णी आणि यादव यांनी त्याचं वर्णन करून त्याला 'अपोनोजेटॉन सातारेन्सिस' हे नाव दिलं. जगात तो उत्तर सह्याद्रीपलीकडे कुठेही नाही. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत तो धोक्यात असलेल्या जातींमध्ये मोडतो.

त्याचं सगळं गणित जांभ्यावर बसलेलं आहे. बेसॉल्ट हा काळा खडक लाखो वर्षं झिजून सड्यावर जांभ्याचा थर तयार झाला. वर माती जेमतेम, त्यामुळे पाऊस लागला की खोलगट जागी पाणी तुंबतं आणि पावसाळा सरल्यावर आटतं. वायतुऱ्याचा कंद कोरडे महिने तळाच्या गाळात सुप्तावस्थेत काढतो. जूनच्या पावसात त्याला पुन्हा पानं फुटतात. म्हणूनच पाणी टिकावं म्हणून असं डबकं खोदून खोल करणं त्याच्या मुळावर येतं. गाळासोबत कंद उपसले जातात आणि पाणी बारमाही झालं की तिथे दुसऱ्याच पाणवनस्पती माजतात. हेतू चांगला असूनही होणारं हे नुकसान सर्वांत घातक वाटतं.

1990 च्या दशकाअखेरीपासून चाळकेवाडी, वनकुसवडे भागात पवनचक्क्या आल्या. त्यांच्यासोबत रस्ते आले. सड्यावर पाणी पातळ थरानं वाहत डबक्यात उतरतं. रस्त्याचा भराव किंवा चर आडवा आला की ते भलतीकडे वळतं. 2012 मध्ये कास जागतिक वारसा यादीत गेलं आणि गर्दी वाढली. कुंपण, प्रवेशशुल्क, दिवसाला तीन हजार पर्यटकांची मर्यादा हे उपाय त्यातूनच आले. पण चराई थांबल्यानं गवत माजतं, असा आक्षेप अभ्यासकांनी कुंपणावर घेतला, आणि तो रास्त होता.

वायतुऱ्याला आणखी एक जोखीम उन्हाळ्यात असते. तेव्हा डबकं म्हणजे नुसती सपाट, मोकळी जमीन दिसते, आणि गाड्या नेमक्या तिथेच लागतात. चाकांखाली गाळ दाबून घट्ट होतो, कंद चिरडतात. त्यामुळे फुलं असताना, ऑगस्टमध्येच, पाण्याच्या कडेबाहेर दगड मांडून हद्द आखायला हवी. एप्रिलमध्ये ती जागा सापडत नाही.